कार्ड बरं चाललंय न्हवं?

फोनवर नाव अण्णांचंच आलं होतं. तिरुपूरच्या कारखान्यातली दुपारची सुट्टी, कॅन्टीनमध्ये कालवा, समोर ताटात सांबार-भात. मी डाव्या हातानं फोन उचलला आणि उजव्या कानाला लावला. अण्णांचा फोन आला की पहिलं वाक्य माझं ठरलेलं असायचं, तेच बोललो, "बोला अण्णा, कार्ड बरं चाललंय न्हवं?"  पलीकडनं लक्ष्मीअक्काचा आवाज आला. लक्ष्मीअक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ती काय बोलली ते मला कळलं नाही. मी म्हणालो, अक्का, जरा मोठ्यानं बोल. ती पुन्हा बोलली. मी ताट तसंच सोडून बाहेर आलो, फोन कानात रुतेल इतका दाबून धरला आणि पुन्हा म्हणालो, ऐकू येत न्हाय अक्का... व्यंकटेशअण्णा गेले, सकाळी छातीत दुखायला लागलं आणि रिक्षातच गेले, हे त्या बाईला मला तीन वेळा सांगावं लागलं. सख्खा भाऊ गेल्यावर चार तासांत, तीन वेळा, दरवेळी आधीपेक्षा मोठ्यानं.

त्याला आता सात आठवडे झाले. लिहायची मला सवय नाही. आठवीतनं शाळा सोडली, नंतर हातात पाना आला तो आजपर्यंत आहे. पण हे मराठी टाइप करणं मला अण्णांनीच शिकवलं. त्यामुळं जे काही येतंय ते त्यांच्याबद्दलच आधी लिहावं, असं वाटलं. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी मैंदर्गीचा. आमच्या घरात कानडी जास्त, मराठी कमी. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागलो तेव्हा दोन्ही भाषा मला नीट यायच्या नाहीत असं लोकांचं म्हणणं होतं. मी मागांची दुरुस्ती शिकलो. अण्णा त्याच कारखान्यात डिझाइनचं काम करायचे. टॉवेलवर जो मोर असतो, कमळ असतं, मंदिराचं शिखर असतं, ते आधी कॉम्प्युटरवर चौकोन चौकोन भरून काढावं लागतं, मग ते जॅकार्डच्या मागावर चढवायचं आणि कुठला धागा वर उचलायचा, कुठला खाली ठेवायचा हे मागाला त्यातनं कळतं. एक चौकोन चुकला तर हजार टॉवेलांवरचा मोर लंगडा. अण्णांचे मोर कधी लंगडले नाहीत. चुकायचं ते माझ्याकडून. एकदा मी डिझाइन उलटं चढवलं आणि दुपारपर्यंत मोर डोकं खाली, पाय वर असे निघत राहिले. मालक येण्याआधी अण्णा खाली आले. टॉवेल हातात धरून मोराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एमिरा सिद्धू, मोराला शीर्षासन घातलंस की बे." एमिरा म्हणजे तेलुगूत काय रे. त्यांच्या घरी तेलुगू. बस, एवढंच बोलले. मालकाला मात्र सांगितलं की फाइल आपलीच चुकली होती. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. अशा माणसाला आपण काय देणार, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला... तो नंतर माझ्याकडून काय करून घेणार होता, ते तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जायला लागलो. शुक्रवार पेठेत, बोळात आत, जिन्यानं वर, एकच लांबट खोली. दाराशी उजेडात अक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली. आत खिडकीखाली अण्णांचा कॉम्प्युटर. त्यांनी मला आधी माउस धरायला शिकवला, मग टाइप करायला, मग इंग्रजीत जे काही पडद्यावर येतं त्यातलं कुठलं वाचायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, ते. "भिऊ नको बे. कॉम्प्युटर चावत न्हाय. फार तर बंद पडंल." मी प्रत्येक बटण दाबताना विचारायचो, दाबू का? अक्का दारातनं हसायची. म्हणायची, "ह्यानं जेवताना पण विचारावं, घास घेऊ का." शिकवणं झालं की अण्णा गेम लावायचे. बंदुकांचा गेम, पडकी घरं, जिने, गल्ल्या, आणि कुठनं तरी शत्रू येणार. बत्तीस वर्षांचा माणूस गेम खेळतो याचं मला नवल वाटायचं. पण ते खेळायला लागले की वेगळेच दिसायचे. मोराला चौकोन भरताना जेवढे गप्प, तेवढेच.

डोळ्यांचं त्यांनी मला सगळ्यांच्या आधी सांगितलं. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार होता. कडेनं दिसणं कमी कमी होत जातं आणि शेवटी नळीतनं बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. मग तेही जातं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यावर औषध नाही. "आता मोराची चोच दिसती तेव्हा पिसारा दिसत न्हाय," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मालक चांगला होता, थांबा म्हणत होता. पण लंगडा मोर आपल्या नावावर नको, असं अण्णांचं म्हणणं. घरी बसले. गेम मात्र सोडला नाही. मी विचारलं, दिसत न्हाय तर खेळता कसं? त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. "पडद्याकडं बघू नको. ऐक. जिन्यावर पाय वाजतोय. कुठल्या बाजूला?"

मला काहीच वाजलं नाही. चौदाव्या वर्षापासनं मागांमध्ये काढलेला माणूस मी. डाव्या कानात कायम शिट्टी, उजव्यात थोडं बरं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ऐकू येत नाही असं कळलं तर कामावर कोण ठेवणार ही भीती. मी अंदाजानं म्हणालो, उजवीकडं. अण्णा हसले नाहीत. माझ्या हातातनं हेडफोन घेतला. "तुझा डावा कान गेलाय की बे. कधीपासनं?"  त्यानंतर मी गेलो की ते खुर्ची सरकवून माझ्या उजव्या बाजूला बसायचे. कधी बोलून दाखवलं नाही. अक्कालाही नाही.

साउंड कार्डचा विषय त्यांनीच काढला, पण मागायचा म्हणून नाही. एका रविवारी वैतागून हेडफोन काढला आणि म्हणाले, कानात किडे चालल्यासारखं वाजतंय. माउस हलवला की खर्र... थांबवला की बंद. मी विचारलं, असं का? तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या साध्या कॉम्प्युटरमध्ये आवाजासाठी मदरबोर्डवरच एक बारकी चिप असते. तिच्या चहूबाजूंनी वीज पळत असते, सगळ्यांची गडबड तिच्यात मिसळते. "म्हंजे बघ, शंभर माग चालू हायत आणि मधी बसून भटजी पूजा सांगतोय. मंत्र बरोबरच म्हणतोय. पण ऐकणार कोण?" गाणी ऐकायला, सिनेमा बघायला ते चालतं. ज्याला डोळे आहेत त्याला गेमलाही चालतं. पण ज्याला नुसत्या पावलावरनं माणूस डावीकडं आहे की उजवीकडं, वरच्या जिन्यात आहे की दारामागं, हे ओळखायचंय, त्याला वेगळं कार्ड लागतं. ते मदरबोर्डच्या खाचेत बसतं, त्यात आवाजाचं काम तेवढंच होतं. "ते असलं तर डोळे पूर्ण गेल्यावर पण खेळता यील मला," असं म्हणाले आणि लगेच विषय बदलला. मी ते वाक्य विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

तिरुपूरची नोकरी त्यांच्याच ओळखीनं लागली. तिथल्या एका कारखान्यात त्यांच्याबरोबर शिकलेला माणूस होता, त्याला फोन करून माझ्याबद्दल सांगितलं. काय सांगितलं ते मी नंतर ऐकलं. हा पोरगा माग बिघडायच्या आधी घाबरतो, त्यामुळं तुमचा माग बिघडणार नाही. गेलो. भाषा कळेना, माणसं कळेनात. अण्णांचा फोन दर आठवड्याला. पहिल्या दिवाळीला सोलापूरला आलो तेव्हा कोइमतूरच्या दुकानातनं घेतलेलं कार्ड पिशवीत होतं. कपड्यांच्या घडीत गुंडाळून, रेल्वेत मांडीवर ठेवून आणलं.

भाऊबीजेचा दुसरा दिवस होता, सकाळची वेळ. अण्णांना तोवर मधलंसुद्धा धूसर झालं होतं. मी कॅबिनेट उघडलं, कार्ड खाचेत बसवलं, स्क्रू आवळला. हे काम मला जमण्यासारखं होतं. अण्णा शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते, लग्नातल्या मुलासारखे. कॉम्प्युटर चालू केला, सीडीतनं जे टाकायचं ते टाकलं, हेडफोनची पिन नेहमीच्या ठिकाणी, समोरच्या भोकात घातली. ते भोक त्यांना बोटांनी सापडायचं म्हणून तिथंच. गेम लावला. आवाज नाही. हेडफोन मुका.  एवढ्या लांबनं आणलं, आणि होता तो आवाजही घालवला... अण्णा म्हणाले, "असू दे, घाबरू नको. आवाजाच्या सेटिंगमधी जा. दोन नावं दिसत्यात का?" दिसत होती. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही लांबलचक. एकावर खूण होती, ती काढून मी दुसऱ्यावर केली. लगेच हेडफोनमध्ये गोळीबार सुरू झाला, तो मला बाहेरनं पण ऐकू आला. मी हात काढून घेतला.

मागाच्या खात्यात आमची रीतच आहे ती. बंद पडलेला माग कशानं का होईना चालू झाला की हात काढून घ्यायचा. का चालू झाला, हे विचारत बसायचं नाही, परत बोट लावायचं नाही. दहा वर्षं मी तेच केलं होतं.

अण्णांनी हेडफोन घातला. डोळे मिटले. माउस थोडा हलवला, थांबले, पुन्हा हलवला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. "कसं हाय अण्णा? फरक पडला का? पडला न्हवं?" मी किती वेळा विचारलं असेल कोण जाणे. त्यांनी हात पुढं करून चाचपडत माझा गुडघा शोधला, त्यावर थाप मारली. "एकदम स्वच्छ बे. पाय मोजता येत्यात." मला रडू आलं. अक्कानं दारातनं विचारलं, काय झालं, बिघडलं का? मी म्हणालो, न्हाय अक्का, चालू झालं. त्या दिवशी अक्कानं शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि गोड काहीतरी केलं होतं. काय ते आठवत नाही. एवढंच आठवतंय की आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी काही फेडलं असं वाटून मी पोटभर जेवलो.

पुढं दर फोनला माझा पहिला प्रश्न तोच. कार्ड बरं चाललंय न्हवं? ते म्हणायचे, एकदम. मग बाकीचं बोलणं. कधी कधी म्हणायचे, "यंदा येशील तेव्हा कॅबिनेट उघडू एकदा. धूळ लई झाली." मी म्हणायचो, उघडू की. पण एका दिवाळीला रजा मिळाली नाही, आणि मिळत नाही म्हटल्यावर मी दुसऱ्यांदा मागितली नाही, मला मागायची भीती वाटते. दुसऱ्या वर्षी वडलांचं ऑपरेशन निघालं, गाडीतनं उतरून स्टँडवरनं तसाच अक्कलकोटची एसटी धरून मैंदर्गी गाठली, परत जाताना पण तेच. सोलापूर स्टेशनवरनं फोन केला होता अण्णांना. म्हणाले, अर्ध्या तासाचं काम हाय, येऊन जा. मी म्हणालो, गाडी चुकंल अण्णा, पुढच्या खेपेला. "बरं, पुढच्या खेपेला," म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे पूर्ण गेले. मी विचारलं, खेळता न्हवं? म्हणाले, कंटाळा येतो रे आता. कंटाळा आला असेल, असंच मी धरलं.

ते गेल्यावर मी पोचलो तो बाराव्या दिवशी. रजा मागायला चार दिवस धीर झाला नाही, मिळायला आणखी काही दिवस गेले. माणसं येऊन गेली होती. खोलीत अक्का एकटीच. विड्यांचं सूप कोपऱ्यात पालथं. कॉम्प्युटरवर टॉवेल झाकलेला, त्यांच्याच मोराचा. अक्का म्हणाली, हे तू घेऊन जा, मला काय कळतंय त्यातलं. नेण्याआधी धूळ काढावी म्हणून मी कॅबिनेट फिरवलं. मागच्या बाजूला कार्डाची भोकं दिसली. नवीन कार्डाच्या भोकांवर धूळ जाऊ नये म्हणून रबराच्या बारक्या टोप्या घातलेल्या असतात. त्या तशाच होत्या. सगळ्या.

 मी झाकण काढलं. समोरच्या भोकापासनं निघालेली वायर मी बोटानं धरत धरत आत नेली. ती कार्डाकडं जातच नव्हती. खाली मदरबोर्डवर, त्या बारक्या चिपच्या बाजूलाच जोडलेली होती, पहिल्यापासनं. म्हणजे त्या दिवशी हेडफोन मुका होता तो कार्डामुळं नव्हता, पिन चुकीच्या भोकात होती. आणि मी खूण काढून ज्या दुसऱ्या नावावर केली, ते त्या जुन्या चिपचं. आवाज आला तो जुनाच आला. कार्ड तीन वर्षं नुसतं खाचेत बसून होतं.

"अक्का," मी म्हटलं, "अण्णांना कळलं नसंल का हे?"

अक्का भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "त्याला? त्याला बोळातनं कोण चाललंय ते चपलेवरनं कळायचं." मग म्हणाली, "मधी कॉम्प्युटर बंद पडला होता. पेठेतला दुरुस्तीवाला आला. त्यानं पण बघितलं, म्हणाला, हे कार्ड जोडलंच न्हाय, दोन मिनटात जोडतो. व्यंकट म्हणाला, हात लावू नका. ज्यानं आणलंय तो यील, तो जोडंल. त्याला वाटायला नको की त्याच्या हातनं झालं न्हाय."

"मला फोनवर सांगायचं तरी..."

"कसं सांगणार? तू फोन उचलला की आधी तेच विचारायचास. बोलायला लागायच्या आत. एकदा ठरवून बसला होता, आज सांगतो म्हणून. तू विचारलंस, आणि हा म्हणाला, एकदम. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, न्हाय जमलं बघ अक्का, त्याचा आवाज कापतो विचारताना."



मी पिन समोरनं काढली. मागची एक टोपी काढली, हिरव्या भोकावरची, आणि पिन तिथं घातली. कॉम्प्युटर चालू केला. त्या दोन नावांपैकी पहिल्यावर खूण केली. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेली दोन मिनिटंही लागली नाहीत. गेम लावला, हेडफोन घातला, माउस हलवला. अण्णा म्हणायचे ती खर्र बंद झाली का, ते मी ऐकत होतो. पण ती मला आधीही कधी ऐकू आली नव्हती. माझ्या कानाला दोन्ही सारखंच. काही बदललं की नाही हे मला कळायला मार्गच नव्हता. आणि ज्याला कळलं असतं...

शेवटी मी हेडफोन अक्काच्या डोक्यावर ठेवला. ती म्हणाली, अरे नको, मला काय. मी म्हणालो, डोळे मीट आणि नुसतं ऐक. गेममधल्या त्या पडक्या घराच्या जिन्यात मी आपला माणूस उभा करून ठेवला. अक्का डोळे मिटून बसली. जन्मात तिनं हे कधी कानाला लावलं नव्हतं. पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मग तिनं हळूच, कुणाला कळू नये तसं विचारलं, "कोण चढतंय रे?"

"कुठल्या बाजूनं, अक्का?"

तिनं डोळे न उघडता डावा हात उचलला आणि थोडा मागं नेला, दाराकडं. मी पडद्यावर कॅमेरा फिरवून बघितलं. शत्रू तिथंच होता. डावीकडं, मागच्या जिन्यात, तीन पायऱ्या खाली.

कॉम्प्युटर मी आणला नाही. तो शुक्रवार पेठेतच आहे, खिडकीखाली, टॉवेल झाकलेला, पिन मागच्या बाजूला. अण्णांचा नंबर आता अक्काकडं. रविवारी फोन येतो, पडद्यावर त्यांचंच नाव दिसतं. मी उचलतो, उजव्या कानाला लावतो, आणि आधी ती काय म्हणते ते ऐकतो.